सहाची दोन वजनं: ताल आणि टाइम सिग्नेचर वाचायला शिकताना

कोकणात ताल हाताला आधी येतो आणि कागदावर फार उशिरा. श्रावणात देवळात भजनाला बसणारं दहा-बारा वर्षांचं पोर बुवांच्या मागे टाळ अचूक धरतं. गजर चढला तरी त्याची मात्रा हलत नाही. पण त्याच पोराने संगीताच्या प्रवेशिका परीक्षेचा फॉर्म भरला, की ‘दादरा ताललिपीत लिहा’ (म्हणजे दादरा हा ताल कागदावर खुणांनी मांडा) या प्रश्नापाशी पेन थांबतं. गणपतीसाठी घरात कीबोर्ड येतो, त्यावर ४/४, ३/४, ६/८ असे आकडे दिसतात, आणि कोणतं बटण दाबायचं हे अंदाजाने ठरतं. वेंगुर्ल्याच्या खाली गोव्यात उतरलं की चित्र उलटं. तिथे चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी मुलं पाच रेघांचा कागद सहज वाचतात, पण रूपक ताल हातावर धरायला सांगितला की गोंधळतात.

हा लेख या तिघांसाठी आहे. आपली ताललिपी आणि पाश्चात्त्य टाइम सिग्नेचर (तेच ४/४, ६/८ सारखे आकडे) या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून शिकल्या तर लवकर कळतात, असं मला शिकवताना ठामपणे वाटत आलं आहे. दोन्हीकडे मात्रा मोजता येणं हा सोपा भाग आहे. खरा प्रश्न असतो तो वजन कुठे पडतं हा. ते एकदा कानाला कळलं की आकडे आपोआप वाचता येतात.

पायरी १: कागद बाजूला ठेवा, आधी ठोका शोधा

तुमच्या मंडळाच्या भजनाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावा. शब्दांकडे लक्ष देऊ नका. मांडीवर सारख्या अंतराने हात पडू द्या. टाळ ऐकलात तर हात आपोआप त्याच्याशी जुळेल, कारण भजनात ठोका उघडपणे सांगणारं वाद्य टाळच आहे. या सारख्या अंतराच्या ठोक्याला मात्रा म्हणायचं आणि दोन मात्रांमधल्या अंतराला लय.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या. गजर चढतो तेव्हा लय वाढते, म्हणजे हे अंतर कमी होतं, ताल बदलत नाही. आठ मात्रांचा ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, दुप्पट वेगाने वाजला तरी तो आठ मात्रांचाच राहतो. नवशिक्यांना वेग वाढला की वेगळा ताल सुरू झाल्यासारखं वाटतं आणि ते मोजणं सोडून देतात. सोडू नका. हात तसाच चालू ठेवा.

पायरी २: वजन कुठे पडतं ते ऐका

आता सगळे ठोके सारखे नाहीत हे जाणवेल. जिथे सगळी वाद्यं आणि गाणारे एकत्र येऊन टेकतात ती सम. समेपासून पुढच्या समेपर्यंत एक आवर्तन. आवर्तनाचे आत तुकडे पडतात, ते विभाग. काही विभागांच्या सुरुवातीला टाळी देतात, काहींच्या सुरुवातीला हात उलटा करून बाजूला नेतात, ती खाली किंवा काल.

खाली ऐकायची युक्ती आहे. तबल्यातला डग्गा (डाव्या हाताचा, खोल आवाजाचा) कुठे गप्प होतो ते शोधा. धा आणि धिं या बोलांत डग्गा घुमतो. ता, ना, तिं या बोलांत तो नसतो. त्रितालाचा ठेका घ्या:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

मात्रा सोळा, विभाग चार. खाली नवव्या मात्रेवर. पण नीट पाहिलं तर नवव्या मात्रेवर धा आहे, म्हणजे डग्गा वाजतोच. तो गप्प होतो दहाव्या मात्रेपासून आणि परत घुमतो चौदाव्या मात्रेला. म्हणून फक्त डग्ग्याच्या भरवशावर खाली शोधणारा विद्यार्थी एक मात्रा उशिरा हात फिरवतो. ‘डग्गा थांबला, म्हणजे खाली नुकतीच होऊन गेली’ असं कानाला शिकवा. भजनात तबल्याऐवजी पखवाज असेल तर त्याच्या कणीक लावलेल्या बाजूचा खर्ज असाच ऐकायचा.

ज्यांनी जाखडी पाहिली किंवा नाचली आहे त्यांना वजन पायाने कळतं. गोलात नाचताना पायातला चाळ जिथे जोरात पडतो तिथे विभागाची सुरुवात असते. गाणं म्हणत तसंच पाऊल टाकून पाहा. मोजून जे कळत नाही ते पावलाला कळतं.

पायरी ३: भातखंडे पद्धतीचं पान वाचा

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची लिपी आज सर्वाधिक चालते. तिच्यात वरच्या ओळीत स्वर, मधे शब्द आणि खाली तालाच्या खुणा असतात. उभी रेघ म्हणजे विभाग संपला. समेला ×, खालीला ०, बाकीच्या टाळ्यांना २, ३, ४ असे क्रमांक. पहिली टाळी समेचीच असते, म्हणून आकडे दोनपासून सुरू होतात.

एक छोटी ओळ केरव्यात लिहून पाहू. केरवा आठ मात्रांचा, चार-चारचे दोन विभाग.

सा – रे ग | प – ग –
ला ऽ ट आ | ली ऽ रे ऽ
× (पहिल्या मात्रेखाली) | ० (पाचव्या मात्रेखाली)

स्वरापुढची आडवी रेघ म्हणजे तोच स्वर आणखी एक मात्रा लांबवा. शब्दांत तेच काम ऽ ही खूण करते. दोन किंवा अधिक स्वरांखाली चंद्रकोरीसारखी कमान असेल तर ते सगळे मिळून एकाच मात्रेत बसवायचे. स्वराच्या वरची कमान वेगळी, ती मिंडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची आहे. नवीन माणूस या दोन कमानींत गल्लत करतो आणि मग मात्रा जुळत नाहीत. म्हणून आवर्तन मोजताना फक्त खालची कमान बघायची.

बोट ठेवून मोजा: चार आणि चार, आठ. ओळ बरोबर लिहिली आहे की नाही याची हीच तपासणी. प्रत्येक विभागात ठरलेल्या मात्रा भरल्याच पाहिजेत, मग त्या स्वराने भरा किंवा रेघेने.

विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीचं जुनं पुस्तक हाती आलं तर सावध राहा. तिच्यात सम १ ने दाखवतात आणि खाली + या खुणेने. भातखंडे पद्धतीची सवय असलेला डोळा + ही खूण × समजून तिथेच सम धरतो, आणि सगळं गाणं अर्ध्या आवर्तनाने सरकतं. बाकी टाळ्यांना पलुसकर पद्धतीत मात्रेचाच आकडा असतो, म्हणजे त्रितालात १, ५, +, १३. ही सोय मला फार आवडते, कारण बोट कुठे आहे ते आकडाच सांगतो.

आणखी एका गोष्टीने विद्यार्थी हमखास अडखळतात. त्रितालातल्या बंदिशीचं पान उघडलं की पहिल्याच रकान्याखाली × ऐवजी ० दिसतं. छपाईची चूक नाही ती. पुष्कळ बंदिशींचा मुखडा (सुरुवातीचा तुकडा) नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उठतो आणि आठ मात्रांनंतर समेवर येतो. तबलजी आधी ठेका धरतो, गाणारा खालीची वाट बघतो आणि तिथून उठतो. पान गाण्याच्या सुरुवातीपासून लिहिलेलं असतं, तालाच्या सुरुवातीपासून नाही. पाश्चात्त्य कागदावरही हे होतं: पहिल्या उभ्या रेघेआधी अपुरा तुकडा असतो, त्याला पिक-अप म्हणतात, आणि जोर रेघेनंतरच्या सुरावर येतो.

पायरी ४: पाच रेघांचा कागद आणि त्यावरचे दोन आकडे

पाश्चात्त्य लिपीत सुरुवातीला एकावर एक दोन आकडे असतात. हा अपूर्णांक नाही. ३/४ म्हणजे पाऊण नव्हे. ‘तीन-चार’ असंच वाचायचं.

वरचा आकडा सोपा आहे: दोन उभ्या रेघांमध्ये, म्हणजे एका बारमध्ये, किती मोजायचं. खालच्या आकड्याशी बहुतेकांची अडचण होते. या लिपीत प्रत्येक खुणेचा आकारच तिची लांबी सांगतो. सगळ्यांत लांब रोजची खूण होल नोट. तिचे दोन भाग केले की हाफ नोट, चार केले की क्वार्टर नोट, आठ केले की एट्थ नोट. खालचा आकडा विचारतो, होल नोटचे किती तुकडे केले? ४ असेल तर क्वार्टर नोट, ८ असेल तर एट्थ नोट मोजायची. म्हणूनच खाली २, ४, ८, १६ असे दुपटीचे आकडे येतात, तिथे ३ किंवा ७ सहसा दिसत नाही. ब्रिटिश परीक्षांच्या पुस्तकांत हीच नावं सेमिब्रीव्ह, मिनिम, क्रॉचेट, क्वेव्हर अशी येतात. खुणा त्याच.

४/४ च्या जागी कधी इंग्रजी ‘सी’सारखी खूण दिसते. ती अक्षर नाही, तुटलेलं वर्तुळ आहे. मध्ययुगीन युरोपात तीनच्या विभागणीला पूर्ण मानून पूर्ण वर्तुळ लिहीत आणि दोनच्या विभागणीला अर्धवट वर्तुळ. पूर्ण वर्तुळ वापरातून गेलं, अर्धवट राहिलं.

आता आपली केरव्यातली ओळ इथे आणा. एक मात्रा म्हणजे एक क्वार्टर नोट धरली तर ४/४ चे दोन बार होतात. पहिल्या बारमध्ये ‘ला’ची हाफ नोट, मग ‘ट’ आणि ‘आ’च्या क्वार्टर नोट. दुसऱ्यात ‘ली’ आणि ‘रे’ दोन्ही हाफ नोट. बेरीज करा, दोन्ही बार चारला भरतात. मात्रा म्हणजे एट्थ नोट धरली तर हेच सगळं ४/४ च्या एकाच बारमध्ये बसतं. दोन्ही बरोबर आहेत. मंद चालीला पहिलं लिहा, जलद चालीला दुसरं, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्याला लय कळते.

गोव्यात ही लिपी घराघरांत पोचली ती पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांमुळे. तिथे मुलांना अक्षरांसोबत सूर वाचायला शिकवत. त्या शिक्षणातून आलेले वादक पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांतले एक मोठे व्हायोलिनवादक आणि संयोजक. संगीतकाराने पेटीवर गायलेली चाल पाच रेघांवर उतरवून प्रत्येक वादकापुढे ठेवणं हे अशा संयोजकांचं रोजचं काम होतं. दोन लिपींमधला पूल हवेतला नाही, तो आपल्याच किनाऱ्याच्या माणसांनी बांधलेला आहे.

पायरी ५: ३/४ आणि ६/८ यांतला फरक (इथे घाई करू नका)

३/४ च्या बारमध्ये तीन क्वार्टर नोट, म्हणजेच सहा एट्थ नोट. ६/८ च्या बारमध्येही सहा एट्थ नोट. मग दोन वेगवेगळे आकडे कशाला? कारण सहाचं वजन दोन तऱ्हांनी पाडता येतं.

हाताने सहा सारखे ठोके द्या आणि तोंडाने म्हणा: तकिट तकिट. तीन-तीनचे दोन गट, जोर दोनदा. आता हाताचा वेग अजिबात न बदलता म्हणा: तक तक तक. दोन-दोनचे तीन गट, जोर तीनदा. पहिलं ६/८, दुसरं ३/४. हे आळीपाळीने म्हणत राहा, जोपर्यंत ‘तकिट’वरून ‘तक’वर जाताना हात थांबत नाही. या एका सरावाने जे कळतं ते पानभर वाचून कळत नाही.

कागदावरही फरक दिसतो. एट्थ नोटच्या शेपट्या आडव्या जाड रेघेने जोडतात. ६/८ मध्ये तीन-तीन जोडलेल्या असतात. ३/४ मध्ये दोन-दोन, किंवा कधी सहाही एकत्र. आकडा विसरलात तरी जोडणी बघून वजन सांगता येतं.

आपला दादरा सहा मात्रांचा: धा धी ना | धा ती ना. विभाग तीन-तीन, सम पहिल्या मात्रेवर, खाली चौथ्या. चाल जलद असेल तर पाय सहा वेळा पडत नाही, दोनदाच पडतो, एकदा समेला आणि एकदा खालीला. हे सरळ ६/८. दादरा संथ असेल आणि प्रत्येक मात्रा स्वतंत्र जाणवत असेल तर ३/४ चे दोन बार लिहिलेलं वाचायला सोपं जातं, एक बार समेचा, एक खालीचा. म्हणजे ‘दादरा म्हणजे नेहमी ६/८’ हे पाठ करण्यात अर्थ नाही. लय बघून ठरवा.

कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांनी इथे खास लक्ष द्यावं. जलद दादऱ्याच्या गाण्यावर ३/४ चा तयार पॅटर्न लावला तर चूक लगेच पकडता येत नाही. दोन्हींची लांबी सहाचीच असल्यामुळे प्रत्येक समेला सगळं जुळतं. बिघडतं ते मध्ये. गाण्याचं वजन चौथ्या मात्रेवर पडतं, पॅटर्नचं तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर. गाणाऱ्याला मागून कोणीतरी ओढतंय असं वाटतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. असं झालं की वेग कमी-जास्त करत बसू नका, पॅटर्न बदला.

६/८ चा हिशोब ९/८ आणि १२/८ लाही लागतो. वरच्या आकड्याला तीनने भागा, पावलं तितकी: दोन, तीन, चार. मांडो या गोव्यातल्या गाण्याची संथ चाल ६/४ मध्ये लिहितात. तिथेही सहाच, फक्त मोजायची क्वार्टर नोट आणि गट तीन-तीनचे. मांडो ऐकताना घुमट या तालवाद्याकडे कान द्या, गट कुठे सुरू होतो ते स्पष्ट कळतं.

पायरी ६: ताल पाच रेघांवर नेताना काय सांभाळायचं

केरवा ४/४ मध्ये, दादरा ६/८ किंवा ३/४ मध्ये, हे झालं. त्रिताल ४/४ च्या चार बारमध्ये जातो. झपताल (धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना) दहा मात्रांचा, तो ५/४ च्या दोन बारमध्ये लिहा आणि प्रत्येक बारवर २+३ अशी नोंद करा. रूपक (तीं तीं ना | धी ना | धी ना) ७/४ किंवा जलद असेल तर ७/८. इथेही वर ३+२+२ लिहायलाच हवं. नुसते सात दिले तर वाचणारा २+२+३ अशीही फोड करू शकतो, आणि मग तो रूपक राहत नाही.

रूपकाची आणखी एक खासियत आहे, त्याची समच खालीवर आहे. ठेका तीं ने सुरू होतो, डग्ग्याशिवाय, आणि टाळ्या चौथ्या व सहाव्या मात्रेला. चर्चच्या कॉयरमधून आलेल्या मुलांना हे सर्वांत अवघड जातं, कारण बारचा पहिला ठोका जोराचा हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. त्यांनी रूपक आधी हातावर धरावा: हात फिरवा, दोन, तीन, टाळी, पाच, टाळी, सात. कागद त्यानंतर.

पाच रेघांवर खालीसाठी खूण नाही. त्रितालाचे चार बार तिथे दिसायला सारखेच, सम कोणता आणि खाली कोणता ते कागद सांगत नाही. ही उणीव भरून काढायला हवी असं माझं मत आहे. सम असलेल्या बारवर पेन्सिलने × आणि खालीच्या बारवर ० लिहा. बासरी किंवा व्हायोलिन वाजवणारा पाश्चात्त्य कागद वाचत असेल आणि शेजारी तबलजी असेल, तर या दोन खुणांमुळे ते एकमेकांशी बोलू शकतात.

पायरी ७: वेग वेगळा लिहा

टाइम सिग्नेचर वेग सांगत नाही, तालाचं नावही सांगत नाही. आपल्याकडे विलंबित, मध्य, द्रुत असं लिहितात. पाश्चात्त्य कागदावर ‘क्वार्टर नोट = ८०’ अशी नोंद असते, म्हणजे मिनिटाला ऐंशी ठोके. योहान मेल्झेलने १८१५ मध्ये मेट्रोनोमचं पेटंट घेतलं, तेव्हापासून असा नेमका आकडा देता येऊ लागला. आज मोबाइलमध्ये मेट्रोनोमही मिळतो आणि तबल्याचा ठेकाही. सुरुवातीला ठेका लावा, वजन त्यात ऐकू येतं. मेट्रोनोमचा टिकटिकाट सगळ्या मात्रांना सारखंच लेखतो, म्हणून तो नंतर, लय धावते की काय हे तपासायला वापरा.

आता स्वतः लिहा

तुमच्या मंडळाचा एखादा गजर निवडा, ज्याची चाल तोंडपाठ आहे असा. प्रथम मांडीवर हात धरून आवर्तन किती मात्रांचं ते ठरवा. मग शब्द कोणत्या मात्रेवरून उठतात ते शोधा, कारण पुष्कळ चाली समेच्या आधी एक-दोन मात्रा उठतात. रकाने आखा, आधी फक्त शब्द आणि ऽ भरा, बेरीज तपासा, आणि सगळ्यांत शेवटी स्वर लिहा. स्वर आधी लिहायला बसलात तर मात्रा हमखास चुकतात.

पानाच्या माथ्यावर चार गोष्टी लिहून ठेवा: तालाचं नाव आणि विभाग, उठाव कितव्या मात्रेवरून, लय, आणि पट्टी, म्हणजे काळी एक की पांढरी चार वगैरे. असं पान पेटीवर ठेवलं की बुवा आजारी पडले तरी दुसऱ्या वाडीतला पेटीवाला येऊन त्याच संध्याकाळी साथ करू शकतो. कीबोर्डवाल्यासाठी त्याच ओळीत टाइम सिग्नेचरही लिहा, दादरा असेल तर ६/८ की ३/४ ते ठरवून.